वरातीच्या घोडीवर लेव्हल तीन

१४ जुलै, सोमवार
॥ श्री मारुतीराया प्रसन्न ॥
आज आलेलं सामान:
पुस्तक एक. वेस्टर्न हॉर्स रायडिंग, लेव्हल १ ते ४. इंग्रजी, झेरॉक्स. मुकुलने पुण्याहून कुरियरने पाठवलं, सूनबाईंनी (अपर्णा) पेन्सिलने मराठी अर्थ लिहून दिलाय. शून्य रुपये.
हेल्मेट. यांच्या जुन्या स्कूटरचं, माळ्यावरून काढलं. आत मुंग्या होत्या, झटकल्या. शून्य.
कॅनव्हासचे बूट, वसमतहून. १८०. दुकानदार २२० म्हणत होता.
अपर्णाची जुनी सलवार. नाडी नवी घातली. ५.
एकूण १८५. घरच्या हिशोबात 'किरकोळ'मध्ये टाकले. यांना सांगितलं नाही. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, प्रत्येक गोष्टीची पावती मागतो.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे विसरायला नको. नात निलम. चौथीपर्यंत इथे कुरुंद्याला माझ्याजवळच वाढली. जूनपासून तिकडे सातारच्या बाजूला डोंगरावरच्या शाळेत, बोर्डिंगला. मुकुल-अपर्णा दोघांच्या नोकऱ्या शिफ्टच्या, इलाज नाही. त्या शाळेत फोन चालत नाही, रविवारी पत्र लिहायचं. पहिलं पत्र आलं: आजी, इथे सगळ्यांना घोड्यावर बसावं लागतं. मला भीती वाटते. घोडा माझ्याकडे बघतो. मुली हसतात. मला घरी ने.
शेवटच्या ओळीवर शाई पसरलेली.
मी उलट लिहिलं की भिऊ नको, मी पण शिकून राहिले. तू एक लेव्हल, मी एक. बघू कोण पुढं जातं.
हे लिहिलं तेव्हा घोड्याचा आणि माझा संबंध लग्नात अक्षता टाकण्यापुरता. पण लेकराला शब्द दिला आहे. लेव्हल चार. महिन्याला एक धरली तर दिवाळीपर्यंत चारी होतात. मॅट्रिकला गणितात बासष्ट होते मला. हिशोब चुकायचा नाही.

१६ जुलै
घोड्याची सोय झाली. गावात घोडी एकच, खाजा मियांची बिजली. पांढरी. पंचक्रोशीतले सगळे नवरदेव तिच्यावरूनच मारुतीला जाऊन मांडवात जातात. आमचा मुकुलसुद्धा गेला होता.
खाजा मिया आधी हसले नाहीत. मग हसले. म्हणाले, ताई, शिका, आमची ना न्हाई, पण बिजली खानदानी हाय. तिला कायतरी उलटंसुलटं शिकवू नका. तुळशीचं लगन झालं की आमचा सीझन. त्यांची बायको बिलकीस आतून म्हणाली, गंगूताई, घोडीला तुमच्यापेक्षा जास्त उपास घडतात, तिला पण तुमच्यासोबत पुण्य लागू द्या.
फी ठरली: घोडीला रोज दोन भाकरी.
खोगीर पाहिलं. लाल मखमल, जरीचे गोंडे, पुढे नवरदेवाला धरायला पितळी मूठ. पुस्तकातल्या फोटोत वेस्टर्न खोगिराला पण पुढे मूठ आहे. म्हणजे एकच वस्तू. आपल्याकडूनच नेलं असणार त्यांनी.

१९ जुलै, शनिवार
लेव्हल एक, भाग पहिला. 'घोड्याजवळ डाव्या बाजूने, शांतपणे, बोलत बोलत जावे.' गेले. मनात मारुतीस्तोत्र, तोंडाने 'बिजली, बिजली'. ती शिंकली. मी गोठ्याबाहेर आले.
जाणं झालं, येणं पण झालं. पुस्तकात फक्त जाणंच मागितलं आहे.

२१ जुलै
एकादशी. उपवासात अवजड काम करू नये.

२५ जुलै
श्रावण लागला. सोमवार शंकराचा, मंगळवार मंगळागौरीचा, शनिवार मारुतीचा. शिकायला वार उरत नाही. तरी गुरुवारी जायचं ठरवलं आहे. नेम म्हणजे नेम.

३१ जुलै, गुरुवार
गेले. घोडीला खरारा केला. म्हणजे खाजा मियांनी केला, मी ब्रश धरायला दिला. शेपटी डोळ्यात लागली. शेवटी मानेवर हात ठेवला. गरम होती मान. आत काहीतरी थरथरून राहिलं होतं. तिचं का माझं ते कळलं नाही.
निलमला लिहिलं: लेव्हल एक पूर्ण. घोड्याची मान गरम असते, तू पण हात लावून बघ.
यांनी तिकीट लावता लावता पत्र वाचलं. पोस्टाच्या माणसाची सवय. म्हणाले, अगं, लेव्हल एकात वर बसणं पण हाय ना? मी म्हणाले, बसणं शेवटच्या ओळीत आहे, शेवटची ओळ म्हणजे जवळजवळ लेव्हल दोन.

११ ऑगस्ट
निलमचं पत्र. आजी, तू हात लावलास म्हणून मी पण लावला. खरंच गरम असते. माझ्या घोडीचं नाव कॉफी. मी आता तिच्यावर बसते, पण सर दोरी धरतात. तू दोरीशिवाय बसतेस ना?
अक्षर सुधारलं आहे. शाई कुठे पसरलेली नाही.
म्हणजे आता बसणं आलं.

१२ ऑगस्ट, सकाळी
चढायचं कुठून हा प्रश्न. पुस्तकात रिकिबीत डावा पाय घालून उडी मारायला सांगितलं आहे. लिहिणाऱ्याचे गुडघे चांगले असावेत. खाजा मिया म्हणाले, नवरदेव मारुतीच्या ओट्यावरून चढतात, तुमी काहून जमिनीवरून चढून राहिल्या?
घोडी मारुतीला नेली. ती स्वतःच ओट्याला लागून उभी राहिली, सवयीने. मी देवाला नारळ ठेवला (२५) आणि चढले. दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्यात पलीकडून खाली आले. पडले नाही, पलीकडच्या बाजूने उतरले.
वर बसल्यावर गाव वेगळं दिसतं. भिकाबाईच्या पत्र्यावर केवढ्या पापड्या वाळत होत्या, खालून कधी दिसल्या नव्हत्या.

तेच, दुपारी
आता सगळं खरं लिहिते. घोडी हलली नाही.
टाच लावली. पुस्तकाप्रमाणे जिभेने टकटक केलं. लगाम एका हातात धरला, वेस्टर्नला एकाच हातात धरतात. 'चल बिजली' म्हटलं. 'चल बाई' म्हटलं. ओट्यावरची म्हातारी माणसं बघत होती. खाजा मिया तंबाखू मळता मळता म्हणाले, ताई, बँड न्हाई ना. बँड वाजल्याबिगर ती मारुतीवरून उठत न्हाई. मला वाटलं तुमाला ठाऊक हाय.
चौदा वर्षांची सवय. बँड वाजला की चालायचं, थांबला की थांबायचं.
उतरायला मात्र पुन्हा ओटाच लागला.
घरी येऊन पुस्तक पाहिलं. लेव्हल दोन: 'घोडा पूर्ण थांबवून, स्थिर उभा ठेवणे.' आमचा अर्धा तास उभा होता. ही लेव्हल बहुतेकांना जड जात असणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पोळा. मान बैलांचा, पण बिजलीला वाईट वाटू नये म्हणून एक पुरणपोळी. खाजा मिया म्हणाले, ताई, तुमच्या भाकऱ्यांनी पोटाचा पट्टा बसंना, एक भोक वाढवावं लागलं. त्यांना वाटतं मी तिला बिघडवते. मला वाटतं ती आनंदी आहे.

२६ ऑगस्ट
बँड भाड्याने घेणं परवडत नाही. मोबाईलवर बँडचं गाणं लावलं. घोडीने कान फिरवला, बास. बिलकीस म्हणाली, तिला फोनचं बारकं काय कळतंय, थांबा. आतून स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन आली आणि वाजवायला लागली. बाई तालात पक्की.
घोडी लगेच निघाली. मग नाचली. पुढचे पाय वर. मी मूठ धरून वर. मग मूठ वर, मी नाही.
हळदीच्या वावरात उतरले. पाऊस झाला होता, वावर मऊ. हेल्मेट उपयोगी पडलं, त्यात पाणी भरून पाय धुतले.
ह्यांना पाय मुरगळल्याचं सांगितलं. कसा, ते नाही. हे म्हणाले, हळद तर घरात पण होती, वावरात जाऊन कशाला लावली?

२ सप्टेंबर
निलमला पत्र. लेव्हल दोन पूर्ण लिहिलं. चालवणं झालं (ताटावर), थांबवणं तर आधीच झालेलं. लेकराला खोटं सांगायला मला आवडत नाही, म्हणून 'ताट' हा शब्द फक्त लिहिला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार
आज अनंत चतुर्दशी. 
सकाळी गावात गर्दी नसेल म्हणून सरावाला गेले. मारुतीच्या ओट्यावरून चढले, पहिल्या प्रयत्नात. बिलकीस ताट आणायला गेली. तेवढ्यात पेठेतल्या मंडळाचे ढोल वाजले. त्यांनी विसर्जन सकाळीच काढलं होतं, पावसाच्या भीतीने.
बिजलीने मान ताठ केली. खाजा मिया लगाम धरायला धावले, पण ती मिरवणुकीत शिरली सुद्धा. सरळ गणपतीच्या ट्रॅक्टरपुढे जाऊन नाचायला लागली. मी वर. एका हातात लगाम, वेस्टर्नप्रमाणे. दुसऱ्या हातात मूठ. तिसरा हात असता तर ओढणी सावरली असती.
आणि ती प्रत्येक दारापुढे थांबते! नवरदेवाला ओवाळतात ना दारोदारी, त्याची सवय. बायका गणपतीची आरती घेऊन दारात उभ्याच. घोडी थांबली की त्यांनी आधी मला ओवाळलं, मग गणपतीला. कमलबाईने कुंकू लावलं. निम्मं हेल्मेटला. भिकाबाईने विचारलं, गंगूताई, नवरी कुठली हो? सगळी गल्ली हसली. ढोलवाल्या पोरांना तर उधाणच आलं. ढोल थांबवा, मी ओरडत होते. त्यांना वाटलं, आणखी जोरात.
आमच्या दारात पण थांबली. हे अंगणात पेपर वाचत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओवाळायचं ताट घरात होतं पण ओवाळणारी घोडीवर. हे म्हणाले, आपलं एकदा झालं तेवढं बास होतं. तरी आत जाऊन निरांजन घेऊन आले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला ओवाळलं. ढोलांच्या आवाजात काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.
मग नदीपर्यंत. पाणी बघून ढोल थांबले आणि घोडी पण थांबली. खाजा मियांनी उतरवलं. त्यांच्या डोळ्यात पाणी, हसून का काळजीने माहीत नाही. गणपतीबाप्पा, क्षमा कर. तुझ्या आधी मी ओवाळून घेतलं.

८ सप्टेंबर
अंग दुखतं. पुस्तक उशीखाली ठेवून निवांत वाचलं. लेव्हल तीन: 'इतर घोड्यांच्या व माणसांच्या गर्दीत, एका हाताने लगाम धरून, जॉग (हळू धावणे).' गर्दी होती. एका हाताने होता. नाचणं म्हणजे जागच्या जागी धावणंच.
निलमला लिहिलं: लेव्हल तीन पूर्ण. सगळं गाव बघायला होतं. विचार कोणालाही.

१९ सप्टेंबर
गावात मला आता नवरदेव म्हणतात. किराणा दुकानातला धम्मानंद पिशवी देता देता म्हणतो, मावशी, वरात कधी? दुर्लक्ष करते. शिकणाऱ्याला हे चालायचंच.
लेव्हल चार उरली. 'लोप', म्हणजे दौड. घाई नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
नवरात्राची पाचवी माळ. निलमचं पत्र. तीन पानी. इथे उतरून ठेवते:

"प्रिय आजी, मी लेव्हल तीन पास झाले!!! मी जॉग करते. दोरी नाही. तुझी लेव्हलची तिन्ही पत्रं सरांनी वर्गात वाचून दाखवली. आता मला कोणी हसत नाही. सगळ्या मुली विचारतात, तुझी आजी खरंच साडीवर घोडा चालवते? मी म्हणते, सलवारवर. १८ ऑक्टोबरला, दिवाळीची सुट्टी लागते त्या दिवशी, आजी-आजोबा दिवस आहे. सगळ्यांच्या आजी खुर्चीवर बसणार. मी तुझं नाव घोड्यावर दिलं आहे. सगळ्यात पुढे तू आणि मी, मैदानाला गोल फेरी. सरांनी तुझ्यासाठी डॉलर नावाचा घोडा ठेवला आहे. तो जरा पळतो, पण तुला लेव्हल तीन येते म्हणून सर म्हणाले काही हरकत नाही. आजी, मला पळताना अजून पोटात गोळा येतो. कोणाला सांगितलं नाही. तू बाजूला असलीस की येणार नाही. तू नाही आलीस तर मी पण बसणार नाही."

दोनदा वाचलं. मग देवापुढे ठेवलं. मग पुन्हा वाचलं.
यांनी पण वाचलं. घडी घालून पाकिटात ठेवलं आणि रेल्वेचं वेळापत्रक काढून बसले. 

२७ सप्टेंबर
बावीस दिवस आहेत. बावीस दिवसांत माणूस काय शिकत नाही? रोज सकाळी जाणार. आता ताट नको, ढोल नको. डॉलरला काय आपला बँड माहीत असणार?

२८ सप्टेंबर
गेले. ओट्यावरून चढले. घोडी उभी.

२९ सप्टेंबर
उभी.

३० सप्टेंबर
अष्टमी. कडक उपवास. तरी गेले. मी हळूच भजन म्हटलं. बिजलीने मागे वळून पाहिलं, बिचारी. बिलकीस म्हणाली, गंगूताई, ती वाट बघून राहिली, नवरा अजून आला न्हाई म्हणून. खाजा मिया म्हणाले, ताई, तुमची तकलीफ मला बघवत न्हाई. तुमी म्हणाल तर मी शाळेपर्यंत बिजलीला टेम्पोत घालून आणतो, बिलकीस ताट वाजवंल. आधी मी हो म्हणाले. मग टेम्पोचं भाडं विचारलं.

२ ऑक्टोबर, दसरा
बिजलीला झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, आपट्याची पानं. तिच्यापुढे हात जोडून उभी राहिले. देवीला, मारुतीला, घोड्याच्या पुस्तकाला जोडले होते, तिला पण जोडले. म्हटलं, बाई, तुझ्या भाकऱ्यांचा हिशोब मी ठेवला नाही. एक फेरी दे. बँडशिवाय एकच.
चढले. टाच लावली. बिजली चालली!
दोन पावलं. कोणीच वाजवत नव्हतं. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. उघडले तर बिलकीस समोर भाकरी धरून उभी. घोडीने भाकरी खाल्ली आणि थांबली.
दोन पावलं माझी नव्हती हे मला समजतं. तरी लिहून ठेवते.
संध्याकाळी सोनं द्यायला गेले तेव्हा हे म्हणाले, मी दोघांचं रेल्वेचं रिझर्वेशन केलंय, परभणीहून. आता तिला खरं लिही. मी म्हणाले, मी कधी खोटं लिहिलं? ते म्हणाले, बरं, मग आणखी थोडं खरं लिही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
निलमला पत्र पाठवलं. प्रत इथे:

चि. निलमला आजीचे अनेक आशीर्वाद.
तुझी लेव्हल तीन झाली हे वाचून देवापुढे साखर ठेवली. आम्ही १८ तारखेला नक्की येतो, आजोबांनी तिकीट काढलं आहे. येताना तुला घरी घेऊन येणार. बिजलीला पण तुला बघायचं आहे, ती हल्ली फार खाते.
सरांकडून एवढं विचारून घे. डॉलर किती उंच आहे. मैदानाजवळ मारुतीचं देऊळ किंवा एखादा ओटा आहे का. नसला तर मजबूत स्टूल चालेल. पुढे लगाम धरून चालायला कोणी माणूस मिळतो का, मिळाला तर मी त्याच्यासाठी लाडू आणते. तुमच्या शाळेत बँड आहे का. असला तर तो मधेच थांबू नये. आमच्याकडे तशी पद्धत आहे.
आणि आणखी एक, सरांना नको, तुलाच विचारते. मला पण पोटात गोळा येतो. जुलैपासून येतो. मी कोणाला सांगितलं नव्हतं. तर तुझ्या कॉफीवर, तुझ्या मागे, आणखी एक माणूस मावतं का? मी जास्त जागा घेत नाही, आणि मागून तुला घट्ट धरीन. तू चालव.
मावत असेल तर कळव, म्हणजे सलवारीची नाडी बदलते. आत पाच रुपयांचं तिकीट आणि पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे, रविवारची वाट बघू नको. हे पत्र हातात पडल्या दिवशी उलट टपाली उत्तर टाक.